नदीला न दिलेले गुंतवळ

एका राज्यात लेकी नदीला विचारून सासरी जात. लेक राजाची असो की राजाच्या घोडेवानाची, हळद लागण्याआधी तिचे केस माहेरी शेवटचे विंचरले जात. फणीत अडकून आलेले केस बोटावर गुंडाळून त्यांचे गुंतवळ करीत आणि ते नवरीच्या हातावर ठेवीत. मग ती घाटावर जाऊन आपल्या हाताने ते पाण्यात सोडी. नदी ते घेई, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट घेई. ती म्हणजे माहेरची ओढ. त्या राज्याच्या पहिल्या राणीने नदीकडे हे मागून घेतले होते, कारण तिची लेक सासरी झुरून झुरून गेली होती. तेव्हापासून त्या राज्यातली एकही मुलगी सासरी रडली नाही. सणावाराला माहेरी यायची, पाहुणीसारखी पाटावर बसायची, जेवून जायची. आईबाप तिला निदान ओळखू यायचे, कारण रक्ताचे नाते नदीलाही पुरते धुता येत नसे. बाकीची माणसे मात्र तिच्या मनातून पार पुसली जायची.

त्या राज्याच्या राजवाड्यात कुंदा नावाची शृंगारदासी होती. तिच्या हाताला गुण होता. तिने उटणे लावले की उन्हाने रापलेला चेहरा उजळून येई. तिने बांधलेला अंबाडा नवरी घोड्यावरून गेली तरी ढळत नसे. तिने घातलेले काजळ रडले तरी ओघळत नसे, आणि नवऱ्या मुली त्या एका दिवशी तरी रडतातच. पण शृंगारदासीला एक नेम होता. नवरी सजून उभी राहिली की दासीने पाठ फिरवायची. मांडवात पाऊल टाकायचे नाही. जिने सजवले तिचीच दृष्ट आधी लागते, असे तिथे मानीत. म्हणून अर्ध्या राज्याच्या नवऱ्या सजवूनही कुंदेने जन्मात एक लग्न पाहिले नव्हते. शृंगारमहालाची खिडकी लावून घ्यायची, फण्या रिठ्याच्या पाण्यात टाकायच्या, आणि ताशे कडाडले की लग्न लागले असे समजायचे. तिचे स्वतःचे लग्न झाले नव्हते. कुणी विचारले नाही. विचारायला ती कुणाच्या नजरेला पडली तरी कधी होती?

एकदा राजाची थोरली बहीण दिवाळीला माहेरी आली. तिला कुंदेने लहानपणापासून न्हाऊ घातले होते, तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या, तिच्या लग्नात तिच्या कपाळी मळवट भरला होता. कुंदा तेलाची वाटी घेऊन धावत गेली. राजभगिनीने डोके पुढे केले आणि गोड आवाजात विचारले, "तू नवीन का ग?"

कुंदेने तेल लावले. त्या दिवशी ती जेवली नाही, पण ते कुणाच्या ध्यानात आले नाही.

आता राजा वीरकेतूला एकच कन्या होती, पद्मगंधा. तिला जन्म देऊन राणी गेली, आणि ती कोवळी पोर कुंदेच्या ओटीत पडली. कुंदेच्या मांडीवर डोके ठेवल्याशिवाय तिला झोप येत नसे. फणी ओढली की ती किंचाळायची, मग कुंदा केस मुळाशी मुठीत धरून वरून विंचरायची. ती कुंदेला कुंदामाय म्हणे. साऱ्या राजवाड्यात कुंदेला नावाने हाक मारणारी तेवढी एकच. दासी तिला 'अहो शृंगारवाल्या बाई' म्हणत आणि राजा तिला काहीच म्हणत नसे.

पद्मगंधा उपवर झाली. नदीपलीकडच्या राज्याचा राजपुत्र ठरला. मुलगा देखणा होता, मनाचा चांगला होता, आणि मुख्य म्हणजे पद्मगंधेला तो आवडला होता. वऱ्हाड पलीकडच्या तीरावर येऊन उतरले. हळदीच्या दिवशी सकाळी कुंदा तिच्या केसांना फणी लावून बसली, ती उठेचना. नसलेले गुंते सोडवीत राहिली.

"कुंदामाय," पद्मगंधा म्हणाली, "मी तुला विसरणार नाही."

"सगळ्या असेच म्हणतात, बाळे," कुंदा म्हणाली.

गुंतवळ जमले. काळेभोर, दाट, नखाएवढे. कुंदेने ते मुठीत घेतले, आणि तेव्हा तिने ते केले जे त्या राज्यात आजवर कुणी केले नव्हते. तिच्या कमरेला आपल्याच विंचरलेल्या केसांचे गुंतवळ खोचलेले होते, पांढरे निवडून काढलेले, फक्त काळे. ते तिने पद्मगंधेच्या हातावर ठेवले, आणि पद्मगंधेचे आपल्या काजळाच्या रिकाम्या डबीत घालून झाकण लावले. केस नदीत गेले नाहीत तर ओढही जाणार नाही. निदान ही एक तरी आपल्याला ओळखील. एवढेच तिच्या मनात होते, दुसरे काही नव्हते.

खिडकीत एक साळुंकी बसत असे. ती बोलत असे, आणि जरा जास्तच बोलत असे. तिने सगळे पाहिले.

"कुंदे, हे बरे केले नाहीस."

"तू आपले घरटे बघ," कुंदा म्हणाली.

पद्मगंधेने घाटावर जाऊन कुंदेचे केस नदीत सोडले. नदीने ते घेतले, क्षणभर पाणी उलटे वाहिले, आणि पुन्हा नीट वाहू लागले.

हळद लागायला लागली, आणि लागेना. सुवासिनींनी आंब्याच्या पानाने गालाला लावली, तर अळवाच्या पानावरून पाणी जावे तशी ती निथळून पाटाखाली आली. कुंदेने स्वतः दोन्ही हातांनी चोळली. निथळली. काजळ घातले, ते गालावर न थांबता खाली पडले. कुंकू लावले, ते कपाळावरून उडाले. हिरवा चुडाही मनगटात राहीना. सुवासिनी एकमेकींकडे बघू लागल्या. पलीकडच्या तीरावरून निरोप आला की वर वाट पाहतो आहे.

राजाने भस्मनाथ मांत्रिकाला बोलावले. त्याने परातीत पाणी घेतले, त्यात राजकन्येला पाहायला सांगितले. पाण्यात तिचे तोंड उमटले ते फिकट उमटले. भस्मनाथाने मान हलवली. "महाराज, जिच्यावर हळद टिकत नाही तिच्यावर हळूहळू काहीच टिकत नाही. आधी शृंगार, मग लोकांची नजर, शेवटी नाव. पुनवेच्या आत ही सजली नाही, तर ती या घरात असून नसल्यात जमा होईल."

राजाने उपाय विचारला. भस्मनाथ म्हणाला की घरची हळद, घरचे काजळ, घरचे कुंकू आता कामाचे नाही. शापित धनावर उगवलेली हळद हवी, तमसा चेटकिणीच्या दिव्याचे काजळ हवे, आणि कुंकू बसवायला पाषाणवराच्या तळहातावरचे मेण हवे. राजाने सेनापतीकडे पाहिले. भस्मनाथाने हात वर केला. ज्या हाताने लावायचे त्याच हाताने आणायला हवे, असा त्याचा नियम होता.

तेव्हा राजा वीरकेतूने प्रथमच कुंदेकडे नीट पाहिले, आणि तिला नाव काय म्हणून विचारले.

कुंदेने फणी आणि तांब्याचे ताट फडक्यात बांधले आणि काजळाची डबी कमरेला खोचली. साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली आणि सांगू लागली की इतक्या लांब कशाला जातेस, डबीतले काढ, घाटावर जा, पोरीच्या हातावर ठेव, दुपारच्या जेवणाआधी सगळे निस्तरेल. कुंदा चालत राहिली.

"सांगशील ते आणते," ती म्हणाली. "ते तेवढे मागू नकोस."

"मी नाही मागत. नदी मागते आहे," साळुंकी म्हणाली, आणि बराच वेळ गप्प बसली, जे तिला सोपे नव्हते.

शापित धन एका उघड्या टेकडीखाली पुरलेले होते. कुण्या कंजूष राजाने ते पुरले आणि वर नाग बसवला. सोन्यासाठी जो खणी तो दगड होई, म्हणून त्या टेकडीवर दगड फार. कुंदा दगडांमधून वाट काढीत वर गेली. धनाच्या तोंडाशी हळदीचे एक रोप होते, हिरवेगार. ती हाताने माती उकरू लागली. माती बाजूला झाली तसे हार दिसले, कंठे दिसले, कमरपट्टे दिसले. नवरीला काय शोभेल ते तिला कळत होते, आणि असे दागिने तिने राजवाड्यातही पाहिले नव्हते. पण मुलगी कुणाला दिसेनाशी होत चालली असताना दागिने घालायचे कुणाला? तिने हळकुंड काढले आणि माती पुन्हा सारखी केली.

नाग फणा काढून बघत होता. म्हणाला, "ने. नवरीने आपली हळद नेण्याला माझी आडकाठी नाही."

"मी नवरी नव्हे. मी नवरीला सजवणारी."

"नदीकडे केस तुझे गेले," नाग म्हणाला. "हळद केसांना ओळखते."

कुंदेने आपल्या हातांकडे पाहिले. कोपरापर्यंत हात पिवळे झाले होते. पायही. ओढ्यात तिने ते चोळचोळून धुतले. पाणी पिवळे झाले नाही आणि हातही पांढरे झाले नाहीत. उभ्या जन्मात दुसऱ्यांना हळद लावली, आणि आपल्याला लागली ती अशी, कुणाच्या हाताशिवाय. तिला रडू आले नाही. तिला लाज वाटली. तिने पदराखाली हात लपवले आणि वाट धरली.

तमसा चेटकिणीचा वाडा रानात होता. त्याला खिडक्या नव्हत्या, त्यामुळे बाहेर भर दुपार असली तरी आत फक्त दिवाच. चेटकीण उंबऱ्यातच बसली होती. तिने सांगितले की दिव्यावर ताट धर, काळे होईपर्यंत बस, मागे वळून बघू नकोस. ज्या वळल्या त्यांच्या मी वाती वळल्या. दिवा त्यांच्यावरच तर जळतो.

कुंदा ताट धरून बसली. पाठ फिरवून बसणे तिला नवे नव्हते. थोड्या वेळाने पाठीमागे सनई वाजू लागली. माणसांची गडबड झाली, अत्तराचा वास आला, अंतरपाट धरल्याची कुजबुज झाली. मग मंगलाष्टका सुरू झाल्या. कुंदेने इतक्या स्पष्ट मंगलाष्टका कधी ऐकल्या नव्हत्या, कारण नेहमी मध्ये बंद खिडकी असे. तिच्या खांद्यावर अक्षता पडल्या. आणि मग अगदी कानाशी आवाज आला.

"कुंदामाय, एकदा वळून बघ ना. मी कशी दिसते?"

आयुष्यभर जे पाहायचे राहिले होते ते सगळे तिच्या पाठीशी हातभर अंतरावर उभे होते. बघू नये तर जगायचे तरी कशासाठी, असेही तिच्या मनात येऊन गेले. पण ती वळली, तर खरी पद्मगंधा तिकडे कुणाला दिसणार नव्हती. ती दिव्याकडे बघत राहिली. ताट काळे झाले. सनई थांबली, वास गेला, मागे कुणी नव्हते.

"आजवर आली ती प्रत्येक बाई वळली," तमसा म्हणाली. "तुला बघावेसे वाटले नाही?"

"वाटले."

"मग?"

"मला सवय आहे," कुंदा म्हणाली, आणि तिने डोळे पुसले. बोटाला काजळ होते. ते डोळ्यांत बसले आणि मग काही केल्या निघेना. साळुंकीने बघितले, आणि चेष्टा करायला उघडलेली चोच तिने मिटली.

राहिले मेण. दोन डोंगरांच्या मध्ये एका मोडक्या मांडवात एक राजपुत्र दगडाचा होऊन उभा होता. त्याचे लग्न ठरले होते, मांडव पडला होता, पण नवरी आली नाही. तो वाट बघत उभा राहिला, आणि त्याच्या बापाच्या मांत्रिकाने वैतागून त्याला म्हटले की राहा असाच उभा, कुणी तुझ्याशी खरे बोलेपर्यंत. तो तसाच उभा राहिला. त्याच्या पायाशी नवरीसाठी आणलेले दागिने पडून होते. त्यांच्यासाठी कितीतरी बायका आल्या आणि 'होय, मीच ती' म्हणाल्या. त्या सगळ्यांच्या मधमाश्या झाल्या, आणि त्याने पुढे केलेल्या तळहातावर त्यांनी पोळे बांधले. म्हणून त्याला पाषाणवर म्हणत.

कुंदा मांडवात शिरली. दगडाचे ओठ हलले.

"आलीस?"

कुंदा जागीच उभी राहिली. हा शब्द तिला आजवर कुणी म्हटला नव्हता. ती येई तेव्हा लोक 'तेल आण' म्हणत, 'आरसा धर' म्हणत.

"हळद तुझ्या हातांना आहे," पाषाणवर म्हणाला. "काजळ तुझ्या डोळ्यांत आहे. मी जिची वाट पाहतो ती तूच ना?"

माश्यांनी गुणगुणणे थांबवले. कुंदेने त्या दागिन्यांकडे पाहिलेही नाही. तिचा सगळा मोह त्या एका प्रश्नात होता. कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत दगड होऊन उभे होते, आणि नुसते 'हो' म्हटले की ती वाट तिच्यापाशी येऊन थांबणार होती. माशी होऊन त्याच्या हातावर राहणे, हेसुद्धा तिला क्षणभर वाईट वाटले नाही.

"नाही," ती म्हणाली. "मला ती व्हायला आवडले असते. पण ती मी नाही."

पाषाणवराचे गुडघे वाकले. इतका काळ उभा असलेला तो राजपुत्र मांडवात खाली बसला आणि त्याने सुस्कारा टाकला. माश्या पुन्हा बायका झाल्या आणि खाली मान घालून आपापल्या घरच्या वाटेला लागल्या. शेवटची माशी तेवढी जाता जाता कुंदेच्या कपाळावर मेणाचा ठिपका ठेवून गेली. राजपुत्राने पोळे तोडून मेण तिच्या ओंजळीत दिले.

"ती का आली नाही, हे मला कधी कळले नाही," तो म्हणाला. "कुणीतरी तिला ठेवून घेतले असेल. माया असेल त्याची. पण मी मात्र इथे उभा राहिलो."

कुंदेचा हात कमरेच्या डबीवर गेला आणि तिथेच राहिला. तिने त्याला नमस्कार केला. साळुंकीने काही बोलू नये असे कुंदेला फार वाटत होते.

ती राजवाड्याशी आली तेव्हा पुनवेचा दिवस होता. पलीकडच्या तीरावर वऱ्हाडाचे तंबू अजून उभे होते. पहारेकऱ्यांनी तिचे पिवळे हात, काजळलेले डोळे बघितले आणि बाजूला होऊन वाट दिली. "नवरी आली," ते आतल्यांना म्हणाले. पांढऱ्या केसांच्या बाईला नवरी म्हणताना ते हसले नाहीत, आणि त्याचेच कुंदेला भय वाटले.

शृंगारमहालात दासी हार गुंफीत बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध एक मुलगी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. दासी तिच्यावरून हात नेऊन फुले उचलीत होत्या. एकीने तर तिच्या गुडघ्यांवर टोपली टेकवली. कुंदेने सगळ्यांना बाहेर पाठवले. हळद उगाळली, मुलीच्या गालाला लावली, निथळली. काजळ घातले, पडले. हळदीला चुना लावून तांबडेलाल कुंकू केले, कपाळाला आधी मेण लावले. मेणही बसेना. आणि ते कुंकू उडाले ते कुंदेच्याच कपाळी जाऊन बसले.

"रडू नकोस," कुंदा तिला म्हणाली. "रडू नकोस ग माझ्या," आणि पुढे नाव येईना.

तिने पुन्हा प्रयत्न केला. हे नाव तिने पाळण्यात हिच्या कानाशी पहिल्यांदा म्हटले होते. न्हाऊ घालताना, उठवताना, रागावताना, निजवताना म्हटले होते. ते तिच्या तोंडात कुठेच नव्हते. आपण हिला आठवावे म्हणून जे केले त्याने आपणच हिला विसरत चाललो, हे तिला तेव्हा कळले, आणि कळल्यावर तिने क्षणाचाही विचार केला नाही. डबी उघडली आणि गुंतवळ मुलीच्या हातावर ठेवले.

मुलगी त्याकडे बघत राहिली. कुंदेने सगळे सांगितले, काही न लपवता.

"तुला मी विसरू नये म्हणून?" पद्मगंधेने विचारले.

"हो."

"मला विचारले असतेस, तर मी दिले असते."

"म्हणून तर विचारले नाही," कुंदा म्हणाली. "तू दिले असतेस आणि मी घेतले असते. मग दोष तुझ्याही माथी आला असता."

पद्मगंधेला राग आला होता, आणि तिला रडूही येत होते. मग ती उठली, कुंदेला धरून पाटावर बसवले, आणि तिच्या पाठीशी बसून तिने फणी हातात घेतली.

"हे काय करतेस?"

"गप्प बस, कुंदामाय. हलू नकोस."

कुंदेचे केस कधी कुणी विंचरले नव्हते. फणी कशी धरावी हेही पद्मगंधेला ठाऊक नव्हते. ती भलतीकडून ओढी, केस दुखत, आणि मग तिला आठवे आणि ती ते मुळाशी मुठीत धरी. कुंदा डोळे मिटून बसली होती. पद्मगंधेने तिचे तीन पेड काढले, त्यातला एक जाड झाला, एक सुटला, तो पुन्हा धरला. वेणी झाली ती डावीकडे कलली. तिने टोकाला दासींच्या अर्धवट हारातला दोरा तोडून बांधला.

"तू मला रोज घालायचीस," ती म्हणाली. "मी तुला कधीच घातली नाही. आता मी विसरेन, पण ही घातलेली राहील."

दोघी घाटावर गेल्या. लोकांनी वाट दिली ती कुंदेला. पद्मगंधा कुणाला दिसलीच नाही. ती शेवटच्या पायरीवर उतरली, पाणी तिच्या पावलांना लागले. तिने एकदा मागे पाहिले. मग मूठ उघडली.

नदीने ते घेतले. पाणी क्षणभर उलटे वाहिले, आणि त्यातून एक गुंतवळ वर आले, कुंदेचे, आणि पायरीला लागून थांबले. कुंदेच्या हातांची हळद उतरली आणि पद्मगंधेच्या अंगावर चढली. काजळ तिकडे गेले, कुंकू तिकडे गेले. घाटावर लोकांनी एकदम 'पद्मगंधा' म्हटले, आणि कुंदेच्या तोंडातही ते नाव परत आले. ती ते म्हणणार होती. पण तोवर राजकन्या पायऱ्या चढून वर आली होती, उजळलेली, प्रसन्न, डोळे पलीकडच्या तीराकडे लागलेले. तिने कुंदेकडे पाहिले. कुणाही दासीकडे पाहावे तसे, मायेने, पण ओळख नसलेले.

"बाई," ती थांबून म्हणाली, "तुझी वेणी कुणी घातली ग? वाकडी झाली आहे."

"लेकीने," कुंदा म्हणाली.

राजकन्या हसली आणि पुढे गेली. सुवासिनींनी तिला मध्ये घेतले. कुंदेने वाकून आपले गुंतवळ उचलले, डबीत घातले आणि नेमाप्रमाणे पाठ फिरवली.

शृंगारमहालात येऊन तिने खिडकी लावली. फण्या रिठ्याच्या पाण्यात टाकल्या. बाहेर सनई वाजली, मंगलाष्टका झाल्या, आणि ताशे कडाडले. साळुंकी आरशाच्या चौकटीवर येऊन बसली आणि म्हणाली की एकच पेड जाड राहिला आहे, सोडून पुन्हा नीट घाल, तुझ्यासारखीला शोभत नाही.

"राहू दे," कुंदा म्हणाली.

तेव्हापासून त्या राज्यात सगळे पूर्वीसारखे झाले. लेकी नदीला विचारून सासरी जाऊ लागल्या, हळद अंगाला टिकू लागली, पाषाणवर आपल्या राज्यात जाऊन राज्य करू लागला. फक्त शृंगारदासीने आपली वेणी फार दिवस सोडली नाही. नवरीला अंबाडा बांधताना एकही केस इकडचा तिकडे होऊ न देणारी बाई स्वतः अशी का फिरते, याचे लोकांना नवल वाटे, पण तिला कुणी विचारले नाही. ही कहाणी इथे घाटाला लागली. ऐकणाऱ्यांच्या पाठीवर कुणाच्या तरी हातची वेणी असो, वाकडी का असेना.